वऱ्हाड हॉटेलात उतरतंय: हळदीचे टॉवेल, किटलीतलं दूध आणि सकाळचे अकरा

पत्र: पुतणीचं लग्न फेब्रुवारीत पुण्याला आहे. लातूरहून आम्ही 22 जण रात्रीच्या बसने निघून पहाटे पोचू. हॉटेलात आठ खोल्या, तीन रात्री. गेल्या वर्षी असंच एका लग्नाला गेलो होतो तेव्हा निघताना हॉटेलवाल्यांनी चार टॉवेल आणि एका किटलीचे मिळून 3,900 रुपये लावले. रिसेप्शनवर सगळ्या पाहुण्यांदेखत वाद झाला. धाकटे भावजी अजूनही म्हणतात, "पैसे मोजलेत, मग टॉवेलला हळद लागली तर काय बिघडलं?" मला मात्र तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वेळी सगळ्यांची सोय मीच बघणार आहे. काय सांभाळायचं, काय मागायचं, काय बरोबर आणलं तर चालतं, जरा नीट सांगाल का?
– एक वाचक, लातूर

ताई,

भावजींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पैसे मोजलेत. पण कशाचे, ते बघा. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी 2 ला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 11 ला सोडायची असते. म्हणजे एका रात्रीचं भाडं 21 तासांचं. मधल्या तीन तासांत हॉटेलातल्या सगळ्या रिकाम्या झालेल्या खोल्या पुन्हा नव्यासारख्या करायच्या असतात. हाउसकीपिंगच्या एका माणसाच्या वाट्याला एका पाळीत बारा ते सोळा खोल्या येतात. सोडलेल्या खोलीला त्याला अर्धा ते पाऊण तास मिळतो. तेवढ्यात चादरी-अभ्रे बदलायचे, बाथरूम घासायचं, कचरा, धूळ, फरशी, सगळं. भिंतीला हळदीची बोटं आणि बाथरूममध्ये उटण्याचा चिखल असेल तर त्याच खोलीला दीड तास लागतो, आणि पुढचा पाहुणा खाली बॅगा घेऊन उभा असतो. हॉटेलातले सगळे नियम या तीन तासांतून आलेले असतात. हे एकदा लक्षात आलं की कुठे ताणायचं आणि कुठे नाही, ते आपोआप कळतं.

आता हळद. घरी हळदीचा डाग उन्हात उडतो, म्हणून आपल्याला तो किरकोळ वाटतो. हॉटेलचे टॉवेल उन्हात वाळत नाहीत, ड्रायरमध्ये वाळतात. शिवाय हळदीला चुना लावला की तिचं कुंकू होतं, तेच लॉंड्रीत घडतं. तिथली धुण्याची पावडर क्षारयुक्त असते, त्यामुळे पिवळा डाग धुताना लालसर होतो. पांढऱ्या टॉवेलवरचा तो तांबूस पट्टा पाहुण्यापुढे ठेवता येत नाही. हळदीबरोबर तेलही असतं, ते आणखी वाईट. तेल मुरलेले टॉवेल ड्रायरमधून काढून गरम गरमच गठ्ठ्यात ठेवले तर आतल्या आत तापून पेटू शकतात. लॉंड्रीवाले तेलकट टॉवेलांवर चिडतात त्यामागे हेही कारण आहे.

म्हणून हळदीचा कार्यक्रम खोलीत नकोच. हॉटेलच्या लॉनवर किंवा गच्चीवर जागा मागा, तीही बुकिंग करतानाच, आदल्या रात्री नव्हे. घरून चार-पाच जुने टॉवेल आणि दोन जुन्या चादरी घ्या. विसरलात तर आदल्या संध्याकाळी हाउसकीपिंगला फोन करून "हळदीसाठी जुने, बाद केलेले टॉवेल द्या" असं स्पष्ट सांगा. डाग पडलेले, विरलेले टॉवेल बहुतेक हॉटेलांत पुसण्यासाठी काढून ठेवलेले असतात आणि ते आनंदाने देतात, कारण त्यात त्यांचे चांगले वाचतात. हळद लागल्यावर खोलीत येताना खुर्चीला, पडद्याला, लिफ्टच्या बटणाला हात न लावता थेट बाथरूममध्ये जायचं. आधी बेसन लावून शॉवरखाली दोनदा स्वच्छ धुवायचं, आणि मग टॉवेल, तोही पहिल्यांदा जुनाच. बाथरूमची फरशी संगमरवरी असेल तर लगेच पाणी मारा. संगमरवर हळद पितो. चकचकीत टाइल्सवरून ती निघते, पण टाइल्सच्या मधल्या पांढऱ्या सांध्यांत बसते.

मेंदीचंही तसंच, फक्त ती रात्रभर चालते. मेंदी लावून झोपणाऱ्या मुलींसाठी घरचे अभ्रे आणि हातात घालायला जुने मोजे घ्या. सकाळी वाळलेली मेंदी वर्तमानपत्रावर खरवडून कचऱ्याच्या डब्यात टाकायची, बेसिनमध्ये नाही. तिचा लगदा खालच्या वळणात अडकतो आणि ऐन लग्नाच्या सकाळी बेसिन तुंबतं. केसांना तेल लावून झोपणाऱ्यांनीही उशीवर आपलं काहीतरी अंथरावं. पलंगाच्या मागच्या कापडी पाठीवर पडलेला तेलकट डोक्याचा गोल डाग काढायला पाठच सोलावी लागते.

किटलीचे पैसे का लागले असतील? एक तर दूध, नाहीतर मॅगी. ही किटली फक्त पाण्यासाठी बनवलेली असते. पाणी उकळलं की वाफ आतल्या एका छोट्या वाटेने धातूच्या पट्टीपर्यंत पोचते, पट्टी तापून वाकते आणि बटण पडतं. दूध मात्र उकळण्याआधीच तळाच्या तापलेल्या थाळीला लागतं. तिथे करपलेला थर बसतो, वरून साय आणि फेस उतू जाऊन बटणाच्या खाचेत शिरतो. मॅगीतल्या पिठाने हेच होतं. मग किटली एकतर बंद पडत नाही, नाहीतर पाणी उकळायच्या आधीच बंद होते. समजा ती टिकली, तरी पुढच्या पाहुण्याच्या चहाला करपल्या दुधाचा वास येतो. बाळासाठी दूध हवं असेल तर रूम सर्व्हिसला गरम दुधाचा कप सांगा, किंवा थर्मास खाली पाठवा. लहान बाळासाठी काही ठिकाणी पैसेही घेत नाहीत. आजोबांना पहाटे 5 ला चहा लागत असेल तर घरची दूध पावडर घ्या, ती कपात घालायची, किटलीत नाही. अंडी उकडण्याबद्दल काही लिहीत नाही, तुमच्याकडे तो प्रश्न नसावा.

तिसरी गोष्ट पत्रात नाही, पण लग्नाच्या खोल्यांत सगळ्यात महागात तीच पडते. पाच-सहा मजली हॉटेलात छतातून किंवा भिंतीतून एक लहानसा पितळी नळ आलेला दिसतो आणि त्यात लाल द्रव भरलेली करंगळीएवढी काचेची नळी असते. ती आगीसाठी. खोलीतली हवा तापून ती नळी 68 अंशांना पोचली की फुटते आणि पाणी सुटतं. शेरवानी किंवा पैठणीचा हँगर टांगायला ही जागा अगदी सोयीची वाटते. हँगरचा धक्का लागला तरी ती फुटू शकते. मग मिनिटाला 50 लिटरहून जास्त पाणी, तेही पाइपात साचून काळं पडलेलं, थेट कपड्यांवर. खोलीतून ते बंद करता येत नाही, कुणीतरी खाली धावत जाऊन मुख्य व्हॉल्व्ह फिरवावा लागतो. मुक्कामाला पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक खोलीत हे दाखवून ठेवा. टांगायचे कपडे जास्त असतील तर कपड्यांचा स्टँड मागा.

उदबत्ती, धूप, निरांजन: छतावर धूर ओळखणारी गोल डबी असते, तिला उदबत्ती आणि आग यातला फरक कळत नाही. तिच्यावर शॉवर कॅप चढवण्याची युक्ती कुणी सुचवली तर त्या व्यक्तीला दुसरं काम द्या. देवक, पूजा वगैरे खोलीतच करायची असेल तर रिसेप्शनला आधी सांगा. ते जागा देतील किंवा माणूस पाठवून तेवढ्यापुरती सोय करतील. नारळ खोलीच्या उंबऱ्यावर किंवा बाथरूममध्ये फोडू नका, टाइल तडकते. बागेत दगड असतो. इस्त्रीची आठवण आदल्या रात्रीच करा, कारण हॉटेलात इस्त्र्या मोजक्याच असतात आणि लग्नाच्या सकाळी आठही खोल्या एकदमच मागतात. इस्त्री टेबलावरच करायची. गादीवर केली की चादर आणि खालचं आवरण दोन्ही पिवळं पडतं.

आता पोचण्याचं. बस पहाटे पोचणार आणि खोल्या 2 वाजता, हे गणित आधीच सोडवा. आठही खोल्या पहाटे मिळाव्यात असा आग्रह धरून उपयोग नसतो, त्या खोल्यांत लोक झोपलेले असतात. त्यापेक्षा दोन खोल्या आदल्या रात्रीपासूनच घ्या. पैसे जास्त जातील, पण आज्या, गुडघेदुखीवाले आणि लहान मुलं लगेच आडवी होतील. बाकीच्यांनी सामान ठेवून आळीपाळीने तोंडं धुवायची. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी हॉटेलला यादी पाठवा: कोणत्या खोलीत कोण, मुलांची वयं, कुणाला खालचा मजला किंवा लिफ्टजवळची खोली हवी. यादीत खरी संख्या द्या. "एक भाचा गादीवर झोपेल, कशाला सांगायचं" हे टाळा. जादा गादीचे पैसे वाचतात खरे, पण आग लागली तर रात्री कोण कुठे आहे हे हॉटेल त्या नोंदीवरूनच मोजतं. शिवाय नाश्त्याच्या वेळी आकडा उघडा पडतो आणि मग तुम्हाला पुन्हा तेच, सगळ्यांदेखत.

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, फक्त खोली ज्याच्या नावावर आहे त्याचंच नव्हे. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा आधार. आधार द्यायचं तर मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसणारं, डाउनलोड करून त्याची प्रत द्या. पॅनवर पत्ता नसतो म्हणून ते सहसा चालत नाही. लग्नाला परदेशातून कुणी येणार असेल आणि पासपोर्ट तिकडचा असेल तर त्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. हॉटेलला त्यांची माहिती 24 तासांत सरकारला कळवावी लागते, त्यामुळे रिसेप्शनवरचा माणूस थांबवून विचारतो तेव्हा तो छळत नसतो.

रात्रीचा गोंगाट हा वऱ्हाडाचा हक्काचा गुन्हा. आपण दारं उघडी टाकून या खोलीतून त्या खोलीत हाका मारतो, हॉटेलचा बोळ त्या हाका दहा खोल्यांपर्यंत नेतो. रात्री 10 नंतर सगळ्यांची अंताक्षरी एकाच खोलीत, शक्यतो बोळाच्या टोकाच्या, दार बंद करून. तशी खोली यादी पाठवतानाच मागून घ्या. मुलांनी लिफ्टची सगळी बटणं दाबायची नाहीत एवढं एक जरी जमलं तरी पुष्कळ. पोहण्याच्या तलावात सुती कपडे आणि तेल लावलेले केस नकोत. सुताचे धागे गाळणीत अडकतात आणि तेल क्लोरीन खाऊन टाकतं. ज्यांना पोहायचंय त्यांना नायलॉनचे कपडे घ्यायला आत्ताच सांगा, पुण्यात पोचल्यावर त्यावरून वाद नको.

नाश्त्याला थोडं थोडं, हवं तितक्या वेळा घ्यावं. डोसा अर्धा मागता येतो. शाकाहारी पदार्थांचा डाव दुसरीकडे बुडवू नये, यात आपल्याच आजीची सोय आहे. केळी, उकडलेली अंडी, पेस्ट्री पर्समध्ये जाणार नाहीत. नाश्ता त्या जागी खाण्यापुरता दिलेला असतो. पण मुहूर्त लवकरचा असेल आणि तुम्ही साडेसहालाच बाहेर पडणार असाल तर आदल्या रात्री 9 च्या आत सांगा, बहुतेक हॉटेलं नाश्ता डब्यात भरून देतात. त्याच फोनमध्ये गरम पाण्याचंही बोला: "पहाटे 5 ते 6 आठही खोल्यांत आंघोळी आहेत." टाकी मोठी असली तरी एका तासात 22 जणांना पुरेलच असं नाही, आणि आधी कळलं तर ते बॉयलर लवकर चालू करतात.

खोलीतलं काय नेता येतं? साबणाच्या वड्या, शाम्पूच्या छोट्या बाटल्या, दात घासायचं पाकीट, कंगवा, कागदी किंवा पातळ कापडी सपाता, पेन, चहा-कॉफीच्या पुड्या, फुकट म्हणून ठेवलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या. जे एकदा वापरल्यावर दुसऱ्या पाहुण्याला देता येत नाही, ते तुमचं. टॉवेल, अंघोळीचा झगा, हँगर, किटली, पेले, रिमोटमधले सेल, उशी हे नाही. भिंतीला लावलेल्या शाम्पूच्या मोठ्या बाटलीतून घरच्या बाटलीत ओतून घेणंही नाही. फ्रिजमधल्या वस्तूंच्या किमती यादीवर असतात. मुलांना आधीच सांगून ठेवा, किंवा रिसेप्शनला सांगून फ्रिज रिकामा करून घ्या. लग्नात तोच मार्ग सोपा.

काही फुटलं तर लपवू नका. फुटलेला पेला कचऱ्याच्या पिशवीत टाकला की सकाळी पिशवी दाबून बांधणाऱ्याचा हात कापतो. वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवा आणि फोन करून सांगा. एका पेल्याचे पैसे सहसा कुणी लावत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून डब्यात, कमोडमध्ये कधीच नाही. कमोडवर पाय ठेवून बसायची सवय असलेल्या ज्येष्ठांसाठी भारतीय बैठकीची सोय कुठल्या मजल्यावर आहे ते आधी विचारा. चिनी माती वजनाने अचानक फुटू शकते आणि जखम खोल होते.

माणसांशी बोलणं. "ए", "शुक शुक", टिचक्या नकोत. छातीवर नाव लिहिलेलं असतं, नावाने हाक मारा किंवा दादा, ताई म्हणा. साफसफाईला कुणी आलं की दार उघडंच ठेवतात, ते त्यांच्या आणि तुमच्या दोघांच्याही सोयीसाठी. टॉवेल गुंडाळून दार उघडू नये, हे पुरुष मंडळींना तुम्हालाच सांगावं लागेल. खोलीची सफाई नको असेल तेव्हा दाराला "डिस्टर्ब करू नका"ची पाटी लावा. पण तीन दिवस पाटी लावून ठेवून शेवटी "खोली कुणी झाडलीच नाही" म्हणू नका. टॉवेल बदलून हवा असेल तर तो बाथरूमच्या फरशीवर टाकायचा, पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर. ही खूण जवळपास सगळीकडे चालते.

बक्षिसी: सामान वर नेणाऱ्याला बॅगा पाहून 50 ते 100 रुपये. खोली साफ करणाऱ्यासाठी दिवसाला प्रत्येक खोलीमागे 50 ते 100, रोजच्या रोज, कारण दुसऱ्या दिवशी दुसराच माणूस येऊ शकतो. नुसती नोट टेबलावर राहिली तर तो ती उचलत नाही, चोरीचा आळ येईल म्हणून. चिठ्ठी ठेवा: "हाउसकीपिंगसाठी, धन्यवाद."

एसी चालत नाही, वास येतो, गरम पाणी नाही, अशी तक्रार पहिल्या अर्ध्या तासात करावी. तेव्हा खोली बदलून देता येते. निघताना केलेल्या तक्रारीवर फक्त माफी मिळते. रिसेप्शनवरच्या पोराला झापण्यापेक्षा "ड्यूटी मॅनेजर"ला बोलवा, निर्णय त्याच्या हातात असतो.

आता पैसे, कारण वाद तिथेच झाला होता. सगळ्या खोल्यांचं भाडं यजमान देणार असतील तर पहिल्याच दिवशी लेखी सांगा: मास्टर बिलावर, म्हणजे यजमानांच्या एकत्र बिलावर, फक्त खोली आणि नाश्ता, बाकी धुलाई, रूम सर्व्हिस, फ्रिज ज्याचं त्याने द्यायचं. हे न सांगितल्यामुळे मुलीच्या वडिलांच्या बिलावर कुणाच्या तरी मटण बिर्याण्या निघतात. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे, त्याहून महाग खोलीवर 18. समजा खोली 3,800 ची: आठ खोल्या, तीन रात्री, 91,200, त्यावर कर 4,560. कुणी जुन्या सवयीने 12 टक्के धरून अंदाज दिला असेल तर दुरुस्त करून घ्या. जेवणाच्या बिलात "सर्व्हिस चार्ज" आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम केलं. शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पाण्याची बाटली मात्र छापील किमतीपेक्षा महाग दिली तर भांडू नका. हॉटेलात बसवून सेवा देताना तसं करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलेलं आहे.

आणि नुकसानीचे पैसे लावलेच तर? वस्तू दाखवा म्हणा, दरपत्रक दाखवा म्हणा, आणि हे बोलणं बाजूला, मॅनेजरच्या टेबलाशी करा. गेल्या वेळच्या चार टॉवेलांना किती लावले ते मला माहीत नाही, पण पूर्ण किंमत घेतली असेल तर टॉवेल तुमचे झाले. ते घेऊन यायचे. या वेळच्या हळदीला कामाला आले असते.

शेवटच्या दिवशी 11 ची घाई टाळायची असेल तर आदल्या रात्रीच विचारा, हॉटेल भरलेलं नसेल तर तासभर सहसा सोडतात. आठ खोल्यांचं बिल व्हायला वेळ लागतो, म्हणून साडेनऊला रिसेप्शनला कळवून ठेवा आणि खोल्या एकेक करून रिकाम्या करा. पलंग नीट आवरून ठेवू नका. आपल्याला तो चांगुलपणा वाटतो, पण चादरी ओढून काढायच्याच असतात, आणि आवरलेल्या पांघरुणात चार्जर, कानातलं, बाळाचं टोपडं गुंडाळलं जाऊन लॉंड्रीत जातं. उलट पांघरूण पलंगावर मोकळं पसरून बघा. ओले टॉवेल सगळे बाथरूममध्ये एका जागी टाका, गादीवर नको. मग दारामागचा हूक, उशीखाली, पलंगाच्या कडेचा प्लग. तिजोरीतले दागिने काढले की तिचं दार उघडंच ठेवा. बंद तिजोरी दिसली की साक्षीदार बोलावून, नोंद करून ती उघडावी लागते, आणि तोवर तुमची बस यवत ओलांडून गेलेली असते.